एका सूर्यास्ताची उलटतपासणी

चांगले छायाचित्र कसे काढावे, हे सांगणारे लेख पुष्कळ असतात. वाईट छायाचित्र नेमके कशामुळे वाईट झाले, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. आपण शिक्षक उत्तरपत्रिका तपासताना बरोबर उत्तरावरून भराभर पुढे जातो आणि चुकलेल्या उत्तरापाशी थांबतो, कारण मुलाच्या डोक्यात काय चालले होते ते तिथेच कळते. त्याच न्यायाने या लेखात तीन छायाचित्रांची तपासणी करायची आहे. तिन्ही मीच काढलेली आहेत, त्यामुळे कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही.

तिन्हींचा विषय एकच. स्थळ फुलसावंगी, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातले महागाव तालुक्यातले गाव. काळ डिसेंबरचा पहिला आठवडा. एका सहकाऱ्याच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. दिवसभर वेचलेला कापूस गाठोड्यात बांधून बाया बांधाकडे येत होत्या आणि मागे सूर्य पऱ्हाटीला टेकत होता. त्यांतल्या एका मावशींना मी थांबवले आणि खिशातला मोबाईल काढला.

चित्र पहिले : सूर्य आला, मावशी गेल्या

पहिल्या चित्रात आकाश केशरी आहे. सूर्याचे बिंब पिवळेधमक आणि स्वच्छ गोल आहे. मधोमध डोक्यावर गाठोडे घेतलेली एक काळी आकृती उभी आहे. मला चित्र फार आवडले. दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो तेव्हा मोठ्या हौसेने मावशींना दाखवले. त्यांनी मोबाईल जवळ धरला, मग लांब धरला, आणि विचारले, "सर, यात मी कुठी हाय?"

मी म्हणालो, "ही काय, मधे उभी आहे ती."

"ते गठोडं हाय. मी कुठी हाय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे म्हणजे हा संपूर्ण लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

आधी चित्राच्या बाजूने बोलू या. प्रकाशाच्या विरुद्ध उभ्या असलेल्या माणसाची काळी आकृती दिसणे हा काही आपोआप दोष ठरत नाही. अशा छायाकृतीत बाह्यरेषा हाच विषय असतो. बैलगाडी, ताडाचे झाड, विहिरीवर वाकलेला माणूस यांची ओळख रेषेतच असते. तिथे काळा रंग शोभतो. पण मग रेषा तरी स्वच्छ हवी. माझ्या चित्रात मावशी समोरून उभ्या आहेत, त्यामुळे नाक-हनुवटीची रेषा नाही. हात शरीराला चिकटलेले आहेत. गाठोड्याच्या मागे नेमके बाभळीचे झाड आले आहे, त्यामुळे गाठोडे कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होते ते समजत नाही. पाय काळ्या जमिनीत बुडाले आहेत. म्हणजे चेहरा दाखवायचा म्हणून चित्र फसले, आणि छायाकृती म्हणूनही ते फसलेलेच आहे. आकाशाच्या रंगाने मी इतका भारावलो होतो की यातले काहीच माझ्या लक्षात आले नव्हते.

यात एक जुनी सवयही आहे. लाल सूर्य आणि त्याच्यापुढे कष्टकऱ्याची काळी आकृती, अशी चित्रे आपण दिनदर्शिकांवर आणि स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षे पाहतो. खाली 'श्रम' किंवा 'घराकडे' असे शीर्षक असते. चित्रातला माणूस कोण, हे कोणी विचारत नाही, कारण विचारण्याजोगे काही चित्रात उरलेलेच नसते. पाहणाऱ्याला सूर्यास्त मिळतो. ज्याचे चित्र काढले त्याला काय मिळते?

कॅमेऱ्याने असे का केले?

दोष कॅमेऱ्याचा नाही. त्याला जे शिकवले आहे ते त्याने चोख केले. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या दृश्यातला उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या रंगाच्या आसपास येईल इतकाच प्रकाश आत घेतो. मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी ढोबळमानाने १८ टक्के परत फेकणारा पृष्ठभाग. समोर सूर्य आणि उजळ आकाश असले की सरासरी वर जाते, म्हणून मापक प्रकाश तोडतो. त्यात आकाश छान येते आणि सावलीतला चेहरा काळा पडतो. 'मावशी महत्त्वाच्या, सूर्य नव्हे' हे मापकाला कळण्याचा मार्ग नाही. ते आपण सांगायचे असते.

फरक किती होता? मोबाईलमध्ये प्रत्येक चित्राबरोबर त्याची माहिती साठवलेली असते. पहिल्या चित्राला शटर १/१००० सेकंद उघडले होते आणि संवेदनक्षमता ५० होती. नंतर त्याच जागी पडद्यावर मावशींच्या चेहऱ्यावर बोट टेकवून मापन घेतले, तेव्हा कॅमेऱ्याने १/६० सेकंद आणि संवेदनक्षमता १०० अशी निवड केली. बहुतेक मोबाईलप्रमाणे माझ्या मोबाईलमधल्या भिंगाचे छिद्र लहानमोठे होत नाही, त्यामुळे हिशेब सोपा आहे. वेळ सुमारे १६ पट, संवेदनक्षमता दुप्पट, एकूण सुमारे ३२ पट. छायाचित्रकार प्रत्येक दुपटीला एक 'स्टॉप' म्हणतात. ३२ म्हणजे दोनाचा पाचवा घात, म्हणून हा फरक पाच स्टॉपचा. चेहऱ्याला जितका प्रकाश हवा होता त्याच्या बत्तिसाव्या हिश्शावर मी त्याची बोळवण केली होती.

आता कोणी म्हणेल, तिथे उभे असताना तुम्हाला चेहरा दिसत होता ना? दिसत होता. पण डोळा एका क्षणात सगळे दृश्य टिपत नाही. तो आकाशाकडून चेहऱ्याकडे, चेहऱ्याकडून गाठोड्याकडे फिरत राहतो आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला जुळवून घेतो. या तुकड्यांतून मेंदू एक सलग दृश्य तयार करतो. कॅमेऱ्याला मात्र एकच आकडा निवडून सगळ्या चौकटीला लावावा लागतो. काळ्या जमिनीनेही माझ्याविरुद्ध काम केले. वाळूवर किंवा पाण्याकाठी जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश चेहऱ्यावर खालून येतो. आपली कापसाची काळी माती आलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकते.

चित्र दुसरे : ही गोरी बाई कोण?

मावशींच्या प्रश्नाने मी ओशाळलो आणि त्या रात्री चित्र 'सुधारायला' बसलो. मोबाईलमध्ये आपोआप सुधारणेचे बटण असते, ते दाबले. सावल्या उजळण्याची पट्टी शेवटपर्यंत ओढली. रंग गडद करण्याची पट्टीही ओढली. चेहरा नितळ करणारी सोय होती, तीही वापरली. निकाल बघून मी खूश झालो. सहकाऱ्यांना पाठवले, त्यांनीही वाहवा केली. आकाश शेंदरी, चेहरा उजळ, सगळे कसे स्पष्ट!

मावशींनी ते पाहिले आणि हसल्या. "हे तं मी नाही, सर. ही गोरी बाई कोन?"

आता या चित्राची तपासणी करू. पहिली खूण भौतिकशास्त्राची. सूर्य मागे आहे आणि चेहरा सूर्याजवळच्या आकाशाइतकाच उजळ आहे. मग हा उजेड आला कुठून? समोर दिवा नाही, भिंत नाही. चित्रातला प्रकाश कोठून येतो या प्रश्नाला चित्राकडे उत्तर नाही. दुसरी खूण डोक्याभोवतीची. उजळलेली आकृती आणि तसेच ठेवलेले आकाश यांच्या सीमेवर फिकट पट्टा उमटला आहे, देवादिकांच्या चित्रात असते तसे तेजोवलय. तिसरी खूण कापसाची. रंग गडद करण्याच्या नादात गाठोड्यातून डोकावणारा कापूस नारिंगी झाला आहे. चौथी खूण कातडीची. सुरकुत्या गेल्या, उन्हाने रापलेला रंग गेला, गालाचा पोत गेला. उरलेल्या जागी रवाळ ठिपके आहेत.

हे रवाळ ठिपके समजून घेण्यासारखे आहेत, कारण 'नंतर दुरुस्त करू' या आशेला ते मुळातच छेद देतात. प्रकाश कणाकणांनी, म्हणजे फोटॉनच्या रूपाने येतो. पावसाच्या पहिल्या सरीत अंगणातल्या फरशा पाहा. एकेका फरशीवर सरासरी चार थेंब पडले असतील, तर एकीवर दोन आणि शेजारचीवर सात असा विषम पसारा दिसतो. सर जोराची झाली आणि प्रत्येक फरशीवर हजारो थेंब पडले की सगळ्या सारख्याच भिजलेल्या दिसतात. फोटॉनचेही तसेच आहे. सरासरी संख्या न असेल, तर तिच्यातला चढउतार साधारण न च्या वर्गमूळाइतका असतो. समजा, योग्य प्रकाश दिला असता तर चेहऱ्याच्या एका बिंदूवर ३२०० फोटॉन आले असते. वर्गमूळ सुमारे ५७, म्हणजे चढउतार दोन टक्क्यांहूनही कमी. आता त्याच्या बत्तिसाव्या हिश्शाने, १०० फोटॉन आले. वर्गमूळ १०, म्हणजे चढउतार १० टक्के. नंतर पट्टी ओढून आपण १०० चे ३२०० करतो, तेव्हा १० चे ३२० होतात. प्रतिमेबरोबर खोटही तितकीच मोठी होते.

दुसरी अडचण पायऱ्यांची. कॅमेऱ्यातला संवेदक उजेडाची नोंद ठरावीक पायऱ्यांत करतो. समजा ४०९६ पायऱ्या आहेत. मध्यम करडा त्याच्या १८ टक्क्यांवर, म्हणजे ७३७ च्या आसपास येतो. त्याला ३२ ने भागा. उत्तर २३. मावशींच्या कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या साऱ्या छटा या जेमतेम पायऱ्यांत कोंबलेल्या होत्या. पट्टी ओढल्याने पायऱ्यांमधले अंतर वाढते, नव्या पायऱ्या तयार होत नाहीत. ज्या छटा नोंदल्याच गेल्या नाहीत त्या बटण कुठून आणणार? मग ते अंदाजाने भरते. आणि अंदाज कोणत्या चेहऱ्यांवरून केला जातो, हा प्रश्न तंत्राच्या पलीकडे जातो.

या प्रश्नाला इतिहास आहे. रंगीत फिल्मच्या काळात छापखान्यांत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची नमुनापत्रे वापरत. त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. त्या चेहऱ्याचा रंग बरोबर आला की रंग बरोबर, अशी ती कसोटी होती. सावळ्या माणसांचे चेहरे त्या कसोटीत नव्हतेच. आज फिल्म जवळपास गेली, पण 'उजळ म्हणजे सुधारलेले' हे समीकरण बटणात शिल्लक राहिले तर मावशींना परकी बाई दिसणारच. पहिल्या चित्रात मी त्यांना काळोखात ठेवले होते. दुसऱ्यात त्यांच्या जागी दुसऱ्याच कोणाला आणून बसवले.

मग संपादन म्हणजे लबाडी काय?

असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आकाश आणि जमीन एकाच वेळी न जमण्याची अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राची चित्रे काढली. तेव्हाची काच-पट्टी निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरे पांढरे येई. त्यांनी काही चित्रांत दोन वेगळ्या काचा वापरल्या, एक समुद्रासाठी आणि एक आकाशासाठी, आणि दोन्हींतून एकच छाप काढली. अमेरिकेतले अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली हर्नांडेझ या खेड्यावरच्या चंद्रोदयाचे प्रसिद्ध चित्र काढले. सूर्य मावळत होता, प्रकाशमापक सापडेना. तेव्हा चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून त्यांनी हिशेब केला. पुढे कित्येक वर्षे त्या चित्राच्या छापा काढताना ते आकाश अधिकाधिक गडद करत गेले. अंधाऱ्या खोलीत कागदाचा एक भाग हाताने झाकून दुसऱ्याला जास्त प्रकाश देणे हे त्या काळचे संपादनच.

दुसऱ्या बाजूची उदाहरणेही आहेत. नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उंटांचा तांडा आणि गिझाचे पिरॅमिड होते. आडवे चित्र उभ्या पानावर बसावे म्हणून संगणकाने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले गेले, आणि त्यावरून मोठा वाद झाला. २०१५ साली वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोहोचलेल्या प्रवेशिकांपैकी सुमारे २० टक्के प्रवेशिका अवाजवी फेरफारामुळे बाद झाल्या.

मग सीमारेषा कुठे आखायची? मला एक कसोटी उपयोगी वाटते. कॅमेऱ्याने प्रत्यक्ष नोंदलेला प्रकाश डोळ्याला दिसेल असा मांडणे हे संपादन. जो प्रकाश तिथे नव्हता, जी कातडी त्या माणसाची नव्हती, ती आणून बसवणे ही बनावट. ल ग्रे यांची दोन काचांची चित्रे या कसोटीवर सीमेवरच बसतात, कारण आकाश कधी कधी दुसऱ्या वेळचे असे. ते कलाकृती म्हणून पाहायला हरकत नाही, वेधशाळेची नोंद म्हणून चालणार नाहीत. चित्र कशासाठी आहे, यावर त्याची प्रामाणिकता मोजावी लागते. माझे चित्र एका बाईची ओळख म्हणून होते. तिला ते ओळखू आले पाहिजे, एवढी तरी अट हवीच.

चित्र तिसरे : कापसाने दिलेला उजेड

तिसरे चित्र त्यानंतरच्या संध्याकाळचे. या वेळी मी बटणावर विसंबायचे नाही, फरकच कमी करायचा, असे ठरवून गेलो.

पाच स्टॉपचा फरक कमी करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. चेहऱ्यावर उजेड वाढवा, किंवा आकाशाचा उजेड कमी होऊ द्या, किंवा कॅमेऱ्याचे तोंड थोडे फिरवा. फ्लॅश हा पहिल्याचा सोपा उपाय, पण मोबाईलचा फ्लॅश दुबळा असतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चौथाई होतो. शिवाय तो समोरून सपाट पडतो. चित्रपटवाले यासाठी परावर्तक वापरतात. 'कागज के फूल' (१९५९) या चित्रपटातला स्टुडिओत उतरणारा प्रकाशाचा झोत व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश आत वळवून साधला होता. आम्हाला आरसे शोधायची गरज नव्हती. शेतात पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग पडलेला होता.

कापूस आरशासारखा एकाच दिशेने प्रकाश फेकत नाही, सगळीकडे विखुरतो. म्हणून तो डोळ्यांत खुपत नाही आणि चेहऱ्यावर मऊ पडतो. सूर्य मावशींच्या मागे, आणि ढीग त्यांच्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या खाली. ढिगाची सूर्याकडची बाजू उजळते आणि तीच मावशींकडे तोंड करून असते. एकच काळजी घ्यावी लागली. सूर्य ५ अंश उंचीवर असताना दीड मीटर उंचीच्या माणसाची सावली सुमारे १७ मीटर लांब पडते. ती ढिगावर पडली तर सगळा डाव फसतो. म्हणून ढीग सावलीच्या एका अंगाला हवा.

वेळही हिशेबाने ठरवली. आपल्याकडे, म्हणजे २० अंश अक्षांशाच्या आसपास, डिसेंबरात सूर्य ताशी सुमारे १३ अंशांनी खाली उतरतो. ५ अंश म्हणजे मावळण्याच्या सुमारे २३ मिनिटे आधी. क्षितिजाला टेकल्यापासून बिंब पूर्ण बुडायला जेमतेम अडीच मिनिटे लागतात, तेव्हा टेकल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. मावळण्याची जागाही ठाऊक असावी. डिसेंबरात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही. दक्षिणेकडे २३ ते २५ अंश सरकलेला असतो. ते धरून मी उभे राहण्याची जागा बदलली, बाभूळ चौकटीबाहेर गेली आणि सूर्यबिंबही चौकटीच्या जरा बाहेर राहिले. भिंग रुमालाने पुसले, कारण बोटांचा तेलकट डाग असला की समोरचा प्रकाश त्यावर पसरतो आणि सगळे चित्र धुरकट होते. भिंगावर हाताचा आडोसा धरला.

पुन्हा मापन. संवेदनक्षमता ५० ठेवून चेहऱ्याला १/१६० सेकंद हवा होता आणि आकाशाला १/१२५०. फरक सुमारे आठपट, म्हणजे तीन स्टॉप. बत्तिसावरून आठावर आलो. मी मधला १/५०० निवडला. त्यात आकाश जरा फिके पडले तरी त्याच्या छटा शाबूत राहिल्या. ही काळजी घ्यावीच लागते, कारण संवेदक एकदा काठोकाठ भरला की तिथे नुसता पांढरा डाग उरतो आणि तो कशानेच परत येत नाही. चेहरा हव्या त्यापेक्षा तिपटीने अंधारात राहिला. पण तिप्पट उजळणे वेगळे आणि बत्तीसपट उजळणे वेगळे. तिपटीला ठिपके जवळजवळ दिसत नाहीत.

रंगाच्या समतोलाची सोय मी 'आपोआप'वरून काढून 'सूर्यप्रकाश'वर ठेवली. आपोआपच्या मनात सगळे उजेड पांढरे असावेत असे असते. संध्याकाळी क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने जवळजवळ ३८ पट हवेतून येतो. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. हा संबंध रॅले यांनी १८७१ साली मांडला. त्यानुसार निळ्याचे विखुरणे तांबड्याच्या सुमारे चौपट होते. निळा वाटेत गळतो आणि तांबडा-पिवळा आपल्यापर्यंत पोहोचतो. हा पिवळेपणा म्हणजे संध्याकाळ. तो 'दुरुस्त' केला तर दुपारच होते.

नंतरचे संपादन तीन गोष्टींपुरते ठेवले : सावल्या थोड्या उजळल्या, आकाशाचा सर्वांत उजळ भाग थोडा खाली आणला, आणि कडेचा निरुपयोगी भाग कापला. चेहरा नितळ करण्याची सोय बंद. रंग गडद करण्याची पट्टी जागेवर.

आता या चित्राचेही दोष सांगतो. यात सूर्य नाही. आकाश पहिल्या चित्राइतके नाट्यमय नाही. भिंतीवर लावायला बरेच लोक पहिलेच मागतील, आणि त्यांची चूक आहे असे मला म्हणता येणार नाही. साडीवर घातलेला पुरुषी शर्ट, केसांत अडकलेले कापसाचे तंतू, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या, खांद्यावरून आलेली पिवळी उन्हाची कड आणि गालावरचा कापसाचा पांढरट उजेड, एवढेच या चित्रात आहे. हा उजेड कुठून आला, असे विचारले तर चित्र उत्तर देते : चौकटीच्या तळाशी ढिगाची एक कड दिसते.

वर्गात करून पाहा

या सगळ्यासाठी शेत लागत नाही. वर्गाची एक खिडकी पुरे.

१. एका विद्यार्थ्याला खिडकीकडे पाठ करून उभे करा. एकदा पडद्यावर खिडकीवर बोट टेकवून आणि एकदा चेहऱ्यावर टेकवून चित्र घ्या. दोन्हींची शटरची वेळ आणि संवेदनक्षमता फळ्यावर लिहा. किती पट फरक आला? तो दोनाचा कितवा घात?

२. आता विद्यार्थ्याच्या छातीशी आधी काळे कापड, मग पांढरा कागदी तक्ता धरा. दरवेळी चेहऱ्याचे मापन घ्या. पांढऱ्या तक्त्याने किती स्टॉप वाचले?

३. एका अंधाऱ्या चित्रातली सावल्यांची पट्टी शेवटपर्यंत ओढून चित्र मोठे करून पाहा. ठिपके कुठे जास्त आहेत, उजळ भागात की काळ्या भागात? फरशीवरच्या थेंबांशी ताडून पाहा.

४. मूळ आणि 'सुधारलेले' अशी दोन चित्रे शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारा : यातला उजेड कोणत्या दिशेने येतो? ज्या चित्रात मुलांना दिशा सापडत नाही, ते चित्र संशयित.

एक इशारा विसरू नये. भिंगातून थेट डोळ्याने पाहण्याच्या कॅमेऱ्याने, आणि विशेषतः दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगातून, सूर्याकडे कधीही पाहू नये; मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते आणि त्या क्षणी वेदनाही होत नाही. मोबाईलचा पडदा पाहण्यात तो धोका नाही, पण नजर पडद्यावरून उचलून सूर्याकडे लावण्याचा मोह मुलांना होतो, तेवढा टाळावा.

शेवटी निकाल. तिसऱ्या चित्राची छापील प्रत मी मावशींना नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"बाही उसवेल दिसते माही," त्या म्हणाल्या.

मी पाहिले. खरेच, डाव्या बाहीची शिवण कोपरापाशी उसवली होती. तिन्ही दिवस तोच शर्ट होता, पण पहिल्या दोन चित्रांत ती शिवण शोधूनही सापडत नाही. एकीत ती काळोखात गेली होती आणि दुसरीत नितळपणात.

मग त्यांनी आणखी एक प्रत मागितली, मुलीच्या सासरी पाठवायला.